अक्कांच्या दारावरून जाणारा रस्ता

बाबांना बंगलोरला घेऊन जा, असं नागपूरच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. बाबांची सगळी नोकरी एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात गेली. ते कारकून होते, मशीनपाशी उभं राहायचं काम त्यांना नव्हतं. पण ऑफिस आणि मशीनघर यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची एक भिंत तेवढी होती. हंगामात कापसाची बारीक लव त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसलेली असायची. आई त्यांना अंगणातच थांबवून फडक्याने झटकायची आणि मगच घरात घ्यायची. निवृत्तीनंतर त्यांना धाप लागायला लागली, आणि आई गेली त्या वर्षी ती फारच वाढली. एकट्याने राहणं शक्य नव्हतं. मुलगी म्हणजे मी एकटीच. डॉक्टर म्हणाले, तिकडची हवा चांगली आहे, निदान इथल्या उन्हाळ्यातून तरी सुटतील.

मुलीच्या घरी कायमचं राहायला जाणं बाबांना जड गेलं. तसं ते बोलले नाहीत, पण येताना सामान इतकं थोडं आणलं की कुणालाही वाटावं, आठ दिवसांसाठी आलेत. एक होल्डॉल, एक घडीची खुर्ची आणि जुन्या दिवाळी अंकांची पत्र्याची पेटी. बाकी सगळं त्यांनी नागपूरच्या घरात कुलपात ठेवलं होतं.

आम्ही तेव्हा जे. पी. नगरात राहत होतो. नवरा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, मी जयनगरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. नव्वदनंतरची ती मधली वर्षं. आमच्या भागात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, आणि गल्लीच्या टोकाला एक जण अजून रागी, म्हणजे नाचणी, पेरायचा. घर भाड्याचं होतं, तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या भागात घरमालकीण एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो.

अक्का मराठीच होत्या, पण त्यांचे लोक कुठून आणि कधी इकडे आले ते त्यांना सांगता यायचं नाही. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका बोळात त्यांच्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. नवरा कापायचा, अक्का शिवायच्या. त्यातूनच त्यांनी हा प्लॉट घेतला आणि घर बांधलं. घर पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला. मुलगा मैसूरला बँकेत नोकरीला होता, सणावाराला यायचा. अक्कांनी दुकान बंद केलं, मशीन मात्र घरी आणून पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं त्या शिवून द्यायच्या.

त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गडबडलेच. “पाणी आला, भरून घे” असं त्या म्हणायच्या. प्रत्येक दुसऱ्या वाक्यात कानडी सरी आणि स्वल्प, म्हणजे बरं आणि जरा. पण कोकणस्थांच्या घरातसुद्धा आता कुणी म्हणत नाही असे काही जुने शब्द त्यांच्याकडे जपून राहिलेले होते. बाबा आले त्याच संध्याकाळी त्यांनी दारातून विचारलं, “अण्णा, कॉफी घेता काय?” बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, घरात आणखी कुणी अण्णा आहे.

पुढे त्या दोघांची चांगली गट्टी जमली. अक्कांना मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. शाळा कन्नडमधून झालेली. त्यामुळे मराठीत लिहिलेली गोष्ट त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. बाबांनी पेटी उघडली आणि रोज दुपारी पुढच्या कट्ट्यावर बसून ते त्यांना दिवाळी अंकातली एकेक कथा वाचून दाखवायला लागले. अक्का मधेच थांबवून शब्द विचारायच्या. मी एकदा शाळेतून आले तेव्हा ‘हुरहूर’ या शब्दावर गाडी अडली होती. बाबांनी दोन-तीन प्रकारे सांगून पाहिलं. शेवटी म्हणाले, कुणी यायचं असते अन् येत नाही, तेव्हा जे होते ते. अक्कांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, त्याला आमच्यात शब्द नाही, आम्ही नुसते बसून राहतो.

पहिलं वर्ष खरोखरच चांगलं गेलं. बाबांचा पंप, म्हणजे ते श्वासाचं औषध तोंडात मारायचं यंत्र, कित्येक आठवडे ड्रॉवरमध्ये पडून असायचं. संध्याकाळी ते तळ्यापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. माझ्या नवऱ्याला ते कौतुकाने सांगायचे, आज कुठं थांबलो नाही.

मग पलीकडचा मोठा रस्ता करायला घेतला. आमच्या गल्लीच्या समांतर असलेला, पुढे रिंग रोडला मिळणारा. त्यावरची वाहतूक वळवून आमच्या गल्लीतून सोडली. कुणी काही सांगितलं नाही. एका सकाळी टोकाला दोन पिंपं आणि त्यांवर आडवा बांबू दिसला, आणि दुपारी पहिली लॉरी आमच्या दारावरून गेली. आमची गल्ली सायकली आणि स्कूटरींसाठी केलेली. कनकपुरा रस्त्याकडून खडी भरून येणाऱ्या लॉऱ्यांखाली तिचं डांबर महिन्याभरात उखडलं. खाली लाल माती होती, ती वर आली. त्यात लॉऱ्यांतून सांडणारी खडीची भुकटी मिसळली, ऑटोरिक्षांचा निळा धूर मिसळला, आणि चाकांखाली ते सगळं दिवसभर दळलं जायला लागलं.

धूळ मी नागपूरलाही पाहिलेली. तिकडे वावटळ येते, दारं आपटतात, घर झाडून घेतलं की संपलं. ही धूळ तशी येत नव्हती. ती हवेत राहायचीच. सकाळी आठला संध्याकाळ झाल्यासारखा उजेड असायचा, पिवळट. अक्कांच्या नारळाच्या झावळ्या विटकरी झाल्या. दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे, आणि वाळून आल्यावर त्यांना हात लावला तर खरखरीत लागायचे. भाताचं झाकण काढून दोन घास खाईपर्यंत दाताखाली कचकच. रात्री मी चेहरा पुसला की पांढरा रुमाल आधी लाल व्हायचा आणि घडी उलटून पुसला की काळा.

बाबांना पहिला मोठा झटका आला तो दुपारी. मी शाळेत होते. अक्कांनीच रिक्षा थांबवली, त्यांना हाताला धरून बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मला शाळेच्या फोनवर निरोप आला. मी पोचले तेव्हा बाबांच्या तोंडावर मास्क होता, वाफेचं औषध चाललं होतं आणि त्यांचे खांदे प्रत्येक श्वासाला वर-खाली होत होते. अक्का बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर धूळ होती, आणि बाबांच्याही. मला एकदम आई आठवली, फडकं घेऊन दारात उभी असलेली.

डॉक्टर म्हणाले, औषधं वाढवतो, पण औषधांनी एवढंच होईल. रस्त्याचं काम संपेपर्यंत ह्यांना धुळीपासून लांब ठेवा. कुठे ठेवणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, खिडक्या बंद ठेवा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि यांना बाहेर काढू नका. नागपूरला पाठवायचा विचार आम्ही केला, पण तिकडे एप्रिल सुरू झाला होता आणि घरात बघायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून घर बंद झालं. नवऱ्याने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. अक्कांनी मात्र खरं काम केलं. त्यांनी जुन्या लुगड्यांच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत चिंध्या ठासल्या आणि दारांखाली ठेवायला आणून दिल्या. बाबांसाठी मलमलचे चार पदर एकत्र शिवून तोंडावर बांधायच्या पट्ट्या केल्या, कानामागे नाडी असलेल्या. रस्त्याच्या बाजूने उघडणाऱ्या आमच्या एका खिडकीवर त्या बाहेरून ओली चादर टांगायच्या. दुपारपर्यंत ती वाळून लाल व्हायची. मग त्या ती काढायच्या, झटकायच्या, धुवायच्या आणि दुसरी लावायच्या. हे मी सांगितलेलं नव्हतं. मी नको म्हटलं, माझं मी शाळेतून आल्यावर करीन म्हटलं, तर म्हणाल्या, तोपर्यंत अण्णा काय करतात?

आणि रोज सकाळी त्या दारासमोरचा रस्ता झाडायच्या. त्यांची ती आयुष्यभराची सवय. झाडून पाणी शिंपडायचं, रांगोळी काढायची. रांगोळी पहिल्या लॉरीखाली जायची. मी म्हटलं, अक्का, झाडल्याने ती उलट उडते, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यावर त्यांनी इतकंच केलं, की आधी आमची खिडकी बंद आहे का ते पाहायचं आणि मग झाडू घ्यायचा. स्वतःच्या तोंडाला त्या काही बांधायच्या नाहीत. श्वास कोंडतो म्हणायच्या. आम्हाला सवय आहे, आम्ही पेटेतले, असंही म्हणायच्या.

वाचन बंद पडलं नाही. दुपारी अक्का पाय धुवून, साडी झटकून आमच्या मागच्या दाराने आत यायच्या आणि बाबांच्या खोलीत खाली बसायच्या. बाबांना सलग वाचवत नव्हतं. चार ओळी झाल्या की थांबायचे. अक्का घाई करायच्या नाहीत. पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर लॉऱ्या. त्या खोलीत ते दोघं एक कथा पुरी करायला आठ दिवस लावायचे.

नवरा दोनदा त्या रस्त्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्या कचेरीत जाऊन आला. पहिल्यांदा त्याला सांगितलं, दोन महिने लागतील. दोन महिन्यांनी गेला तेव्हा दुसरे इंजिनिअर होते, तेही दोन महिने म्हणाले. निदान टँकरने पाणी तरी मारा, असं तो म्हणाला. त्यांनी ते लिहून घेतलं.

टँकर एकदाच आला. पलीकडच्या रस्त्यावर कुठल्याशा मंत्र्याच्या हस्ते काहीतरी व्हायचं होतं, आणि गाड्या आमच्या गल्लीतून जाणार होत्या. त्या दिवशी पहाटेपासून टँकर तीन वेळा फिरला. लॉऱ्या बंद होत्या. रस्ता काळपट तांबडा, ओला, शांत. मंत्र्याच्या गाड्या गेल्या तेव्हा कुणी फारसं पाहिलंही नाही, पण सगळी गल्ली मात्र बाहेर आली होती. बायकांनी गाद्या उन्हात टाकल्या. बाबा कितीतरी दिवसांनी कट्ट्यावर येऊन बसले. अक्कांनी स्टीलच्या पेल्यांतून कॉफी आणली. बाबांनी त्या दिवशी अडीच पानं सलग वाचली, अक्का ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपल्या, आणि बाबा अंक मांडीवर ठेवून, त्यांना न उठवता तसेच बसून राहिले. चार वाजता लॉऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने फोन करून विचारलं, आज टँकर का नाही. तो कार्यक्रमासाठी होता, असं उत्तर आलं.

अक्कांचा खोकला पहिल्यांदा बाबांच्या लक्षात आला. त्यांची खाट अक्कांच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी होती. एका सकाळी मला म्हणाले, “अक्का रात्रभर खोकून राहिल्या. माझ्यापेक्षा वाईट आहे तो आवाज.” मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, धूळु आहे ते, रस्ता झाला की जाईल. डॉक्टरकडे चला म्हटलं की सरी, सरी म्हणायच्या आणि दुसरंच काही काढायच्या. त्यांची पोलकी सैल झालेली मला दिसत होती. त्यांनाही दिसत असणार, कारण त्यांनी ती बाजूने टाके घालून आत घेतली होती.

शेवटी बाबांनीच हट्ट धरला. तुम्ही डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी ही पट्टी बांधणार नाही, असं म्हणून त्यांनी अक्कांनी शिवलेली ती मलमलची पट्टी काढून ठेवली. अक्का दोन दिवस रागावल्या, तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निघाल्या. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, तुम्ही कुठे काम करत होता? अक्कांनी दुकानाचं सांगितलं. बंद बोळ, दिवसभर कापडाची लव, माळ्यावर रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर पंचवीस वर्षं स्वयंपाक. डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, फुप्फुसं आधीच थकलेली होती, या धुळीने त्यांना उसंतच मिळाली नाही. अक्कांना कन्नडमध्ये म्हणाले, मुलाकडे जा, हा रस्ता होईपर्यंत परत येऊ नका.

मुलगा येऊन त्यांना मैसूरला घेऊन गेला. ते दिवस बाबांचे फार वाईट गेले. खिडकीवरची चादर मी सकाळी लावून जायची, ती दुपारी वाळायची आणि मी येईपर्यंत तशीच असायची. त्यापेक्षा जास्त म्हणजे त्यांच्याशी दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. अंक पेटीत गेले.

दोन आठवड्यांनी मी शाळेतून आले तर आमच्या खिडकीवर ओली चादर होती. अक्का परत आल्या होत्या. मी रागावले. मुलाला न सांगता आलात का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, सांगून आले, तोही ओरडला. घराला कुलूप लावून किती दिवस राहणार, आत सगळं मातीने भरलं असेल असं रोज वाटायचं. बाबा आतून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. धूळ खाली राहायला लागली, धुक्यासारखी. अक्कांना ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी उतरायचा, आणि उतरला की त्या झाडू घेऊन बाहेर. मी झाडू आमच्या घरात आणून ठेवला, तर त्यांनी दुसरा आणला. मग एका सकाळी झाडूचा आवाज आला नाही. बाबांनी भिंतीवर थाप मारली. उत्तर नाही. मी जाऊन पाहिलं तर त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मशीनवर टेकलेले, ओठ निळसर. बोलता येत नव्हतं. नवऱ्याने रिक्षा आणली. आमच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्या रिक्षेत खड्ड्यांतून आणि लॉऱ्यांच्या मागून जी दहा-पंधरा मिनिटं गेली, तेवढा वेळ मी माझ्या पदराने त्यांचं नाक-तोंड झाकून धरलं होतं, आणि त्या तो बाजूला सारत होत्या.

न्यूमोनिया होता. मुलगा त्याच दिवशी आला. ऑक्सिजन लावला. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी परत तसंच.

बाबा म्हणाले, मला जायचं आहे. मी आणि नवरा, दोघांनीही नाही म्हटलं. रस्त्यावरून जायचं, वर हॉस्पिटलमधला संसर्ग, तुम्हाला झेपणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर ते कपडे करून, पट्टी बांधून, पंप खिशात घालून दारात उभे होते. “तू शाळेत जा. मी रिक्षा करून राहिलो,” म्हणाले. मी शाळेत सुट्टी कळवली आणि त्यांच्याबरोबर गेले.

अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. नाकात नळी होती. इतक्या लहान दिसत होत्या की मला आधी बाजूचीच खाट त्यांची वाटली. बाबा स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांनाच धाप लागली, आणि थोडा वेळ दोघंही नुसते श्वास घेत राहिले. अक्का बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“अण्णा, उलटी बांधली,” त्या म्हणाल्या. “शिवण बाहेर आली.”

बाबांनी पट्टी काढली आणि सुलटी करून बांधली. नाडी कानामागे जाईना. मी बांधून दिली.

“खिडकी लावून आलात काय?”

“लावली.”

“दाराखालची पिशवी?”

“ती पण. तुम्ही आता बऱ्या झाल्या की मैसूरला जा, अक्का. पोराजवळ राहा. परत येऊ नका.”

“जाते की. रस्ता होऊ दे.”

“रस्ता झाल्यावर काय होणार आहे?”

अक्कांना लगेच बोलता येईना. मुलाने त्यांना पाणी पाजलं. मग म्हणाल्या, “मग दार उघडता येतंय.”

बाबांनी अंक आणला होता, कोटाच्या आत धरून. तो त्यांनी बाहेर काढला. पण तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, आता पेशंटला बोलू देऊ नका. बाबा उठले. अंक त्यांनी उशीशेजारी ठेवला. अक्कांना तो वाचता येणार नव्हता, मुलालाही नाही. तरी ठेवला.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि पंप घेतला. मी म्हटलं, त्यांच्या छातीचं आधीपासूनच होतं बाबा, दुकान होतं, स्टोव्ह होता, वयही झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

“ते मला माहीत आहे,” बाबा म्हणाले. “कापड काय अन् कापूस काय. पण मी आत बसून होतो न, अन् त्या बाहेर झाडून राहिल्या होत्या.”

मी रिक्षा बोलावली.

अक्का त्याच आठवड्यात गेल्या. मुलाने त्यांना घरी आणलं नाही, हॉस्पिटलमधूनच स्मशानात नेलं. तो म्हणाला, त्या रस्त्यावरून परत नको. आम्ही तिकडेच गेलो. बाबांना नेलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. दिवसवार मुलाने मैसूरला केले. जाताना त्याने आम्हाला सांगितलं, तुम्ही हवं तितकं राहा. शिवणाचं मशीन त्याने टेम्पोत घालून नेलं. पुढच्या खोलीत जिथे ते असायचं तिथे जमिनीवर चार स्वच्छ ठिपके राहिले होते, बाकी सगळ्या फरशीवर पातळ लाल थर. मी ओलं फडकं घेऊन ती फरशी पुसून काढली. चार दिवसांनी पुन्हा तशीच झाली. मग मी पुसायला गेले नाही.

पलीकडचा रस्ता फेब्रुवारीत खुला झाला. आमची गल्लीही लगोलग डांबरली. रोलर दोन दिवस फिरत होता. त्याचा वास, त्याचा धूर, पण धूळ बसली. लोक संध्याकाळी फिरायला लागले. रस्ता गुळगुळीत झाल्यामुळे गाड्या जोरात जायला लागल्या आणि ज्या लॉऱ्या फक्त काम चालू असेपर्यंत म्हणून आल्या होत्या, त्यांतल्या काही जवळचा रस्ता म्हणून येतच राहिल्या. मी बाबांच्या खिडकीच्या चिकटपट्ट्या काढल्या. ते म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, आता गरज नाही. ते म्हणाले, मी जाऊन राहिलो नागपूरला.

तिकडे त्यांच्या चुलतभावाचं कुटुंब होतं; त्यांच्यावर भार नको म्हणून बाबांनी आजवर त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी खालच्या खोलीत बाबांची सोय केली. उन्हाळा तोंडावर आहे, निदान पावसाळ्यात जा, असं मी खूप सांगितलं. बाबा एरवी माझं ऐकायचे. या वेळी ऐकलं नाही. नवरा मला म्हणाला, जाऊ दे त्यांना, इथे ते दिवसभर भिंतीकडे बघत असतात. ते खरं होतं. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत आम्ही जेवणाचं, गोळ्यांचं, कुठे उतरून काय करायचं याचंच बोलत होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि लगेच खिडकीची काच खाली ओढली.

ते आणखी दोन उन्हाळे काढू शकले. दर रविवारी मी बूथवरून फोन करायची. प्रकृतीचं विचारलं की ठीक आहो म्हणायचे. अक्कांचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी ते गेले. चुलतकाका म्हणाले, पाऊस आठवड्यावर आला होता.

त्यानंतर नवऱ्याची कंपनी व्हाइटफील्डकडे गेली आणि जे. पी. नगरहून रोज जाणं अवघड झालं. एका रविवारी आम्ही मारतहळ्ळीला एक घर बघायला गेलो. नवीन बांधलेलं होतं, वरचा मजला, मागे शेत, शेतात चरणाऱ्या म्हशी. घर दाखवणाऱ्या माणसाने सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर शेतातून सरळ एका रेषेत चुना फासलेले दगड लांबपर्यंत रोवलेले होते. हे कशाचे, असं मी विचारलं. तो म्हणाला, रस्ता येणार आहे, मोठा, मग भाडं दुप्पट होईल, आत्ताच घ्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही आणखी दोन घरं पाहिली. एकाच्या समोर खोदलेलं होतं, दुसऱ्याच्या शेजारी दगड फोडायचं मशीन होतं. संध्याकाळी परत येऊन आम्ही त्या पहिल्या घराच्या माणसाला होकार दिला.